क्रुसाशेजारचा कागद

देल्फिनाचा माणसांवर विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट ती लपवतही नसे. भाजीवालीने दोन लिंबं जास्तीची टाकली, तर ती घरी येऊन आधी तीच कापून बघायची. याला कारण होतं. ती शाळेत असताना तिच्या आईच्या घराचा जिना अर्धवट टाकून एक मिस्त्री गायब झाला, आणि तिची आई आजही गच्चीवर कपडे वाळत घालायला शिडी लावून चढते. तेव्हापासून मिस्त्री म्हटला की देल्फिनाच्या मनात पाल चुकचुकायची. अशा बाईला नोकरी लागली ती बांधकामावर, आणि तीही मिस्त्र्यांच्या चुका शोधायची. देव कधी कधी माणसाचे असे लाड पुरवतो.

मेक्सिकोतल्या पुएब्ला शहराच्या कडेला बाळंतपणाचं एक मोठं हॉस्पिटल उभं राहत होतं. तिथे दर आठवड्याला एकेका मजल्यावर तीन पायांचं यंत्र उभं करायचं, त्याने गरागरा मान फिरवून आजूबाजूचं सगळं लेझरने मोजायचं, आणि मग त्या लाखो ठिपक्यांचं चित्र कॉम्प्युटरमध्ये नकाशावर ठेवून बघायचं, हे देल्फिनाचं काम. नकाशाबरहुकूम बांधलेलं हिरवं दिसायचं, चुकलेलं लाल. फायदा उघड होता. भिंत उभी राहिल्यावर पाइप बसत नाही म्हणून फोडाफोडी करावी लागत नसे. ऑपरेशनच्या खोल्यांचे ऑक्सिजनचे पाइप तर या चित्रावरूनच कारखान्यात कापले जात आणि साइटवर येऊन मुकाट्याने जागेवर बसत. साइटचा मुख्य इंजिनियर बाल्तासार या चित्रांवर इतका खूश होता, की त्याने स्वतः वर चढून बघायचं जवळजवळ सोडून दिलं होतं.

गवंड्यांनी त्या यंत्राचं नाव ठेवलं होतं विहीणबाई.

"आल्या रे विहीणबाई," एपिफानियो ओरडायचा. हा उंच, हडकुळा गवंडी म्हणजे साइटवरचं तोंड. "आता मान फिरवून फिरवून घरातली जळमटं शोधतील आणि बाहेर जाऊन गावभर सांगतील. कुणीतरी कॉफी विचारा त्यांना."

"साखर कमी घाला," दुसरा म्हणायचा, "आधीच गोड बोलत नाहीत."

हे यंत्राबद्दल चाललंय की आपल्याबद्दल, असा प्रश्न देल्फिनाला पडायचा. दोघींबद्दल चाललेलं असायचं, हे सांगायला नकोच.

या टोळीचा मिस्त्री कास्तुलो. एपिफानियो त्याच्या बहिणीचा मुलगा. टोळीतले सगळेच त्याचे कुणी ना कुणी लागायचे, त्लाश्कालाकडच्या एकाच खेड्यातले, आणि कामं मिळायची ती कास्तुलोच्या नावावर. मिस्त्री गेला तर टोळी गेली, असा सरळ हिशेब. कास्तुलो साठीचा, गवती टोपी घालणारा, कमी बोलणारा माणूस होता. आणि देल्फिनाचा सगळा संशय नेमका त्याच्यावर होता, कारण तिला वाटायचं, कमी बोलतो म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

तिने पाळतच ठेवली म्हणा ना. तिने त्याला नकाशावर काही विचारलं, की तो कागदाकडे बघायचाही नाही. "एपिफानियो, तू सांग बाईंना," म्हणायचा आणि दुसरीकडे वळायचा. भिंतीचं माप घेताना एपिफानियो टेपवरचा आकडा मोठ्याने वाचायचा, मिस्त्री तोच परत म्हणायचा, आणि देल्फिना दिसली की दोघं एकदम गप्प. एकदा ती सकाळी लवकर वर गेली, तर कास्तुलो एकटाच नव्या भिंतीवरून हात फिरवत उभा होता, हळूहळू, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. तिची चाहूल लागताच त्याने हात मागे घेतला.

"काय बघताय मिस्त्री?"

"काही नाही बाई. सिमेंटचा मसाला सुकला का ते बघतोय."

मसाला कालच सुकला होता. देल्फिनाने हे मनात नीट घडी घालून ठेवलं.

मग आली तीन मे, क्रुसाचा दिवस. त्या दिवशी मेक्सिकोतल्या कुठल्याही साइटवर कुणी थापीला हात लावत नाही. गवंडी लाकडाचा क्रूस करतात, त्याला कागदी फुलं आणि रंगीत पट्ट्या बांधतात, बांधकामाच्या सगळ्यात वरच्या जागी तो लावतात, पाद्री येऊन पाणी शिंपडतो, आणि मालकाने जेवण द्यायचं असतं. हॉस्पिटलचा तिसरा मजला तेव्हा सगळ्यात वरचा. कास्तुलोच्या टोळीने पहाटेच येऊन तिथल्या कडेच्या खांबावर क्रूस चढवला होता. देल्फिना पोचली तेव्हा आकाशात शोभेची दारू उडत होती, खाली मोठ्या कढईत डुकराचं मटण तळलं जात होतं, आणि बाल्तासार हातात बिअर घेऊन सगळ्यांच्या पाठी थोपटत होता.

ती लांब उभी राहिली. थोड्या वेळाने कास्तुलो स्वतः तिच्यासाठी ताटली घेऊन आला. भात, मोले म्हणजे मिरच्यांचा दाट काळा रस्सा, वर तीळ, शेजारी मक्याच्या गरम पोळ्या, तोर्तिया.

"खा बाई. माझ्या बहिणीने केलंय. तिखट आहे, पण वाईट नाही."

"एवढं कशाला मिस्त्री?"

"आज सगळ्यांचं असतं. तुमच्या विहीणबाईंनाही देतो, पण त्या जेवत नाहीत म्हणे."

इतक्या महिन्यांत मिस्त्रीने पहिल्यांदाच थट्टा केली होती. दुसरी कुणी असती तर हसली असती. देल्फिनाने मोले खाल्लं, ते फार सुंदर होतं, आणि प्रत्येक घासाला तिच्या मनात एकच येत होतं: हा आज इतका गोड का वागतोय?

दुसऱ्या दिवशी तिने तिसऱ्या मजल्यावर यंत्र लावलं. आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. यंत्राला आपण कुठे उभे आहोत हे आपोआप कळत नाही. त्यासाठी प्रत्येक मजल्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचे तीन कागद चिकटवलेले असतात. त्यांच्या जागा एकदा नीट मोजून ठेवतात, आणि मग दर वेळी यंत्र ते कागद शोधून त्यांच्यावरून स्वतःची जागा ठरवतं. या मजल्यावरचा एक कागद लिफ्टच्या भिंतीवर होता, दुसरा कडेच्या खांबावर, म्हणजे आता क्रुसाच्या शेजारी, आणि तिसरा सिमेंटच्या ब्लॉकांच्या थप्पीमागे झाकला गेला होता.

थप्पी हलवून घ्यायला मिस्त्रीला सांगायला हवं होतं. अर्ध्या तासाचं काम. पण देल्फिनाच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. ही थप्पी इथेच कशी आली? नेमकी माझ्या कागदापुढे? थप्पी क्रेनवाल्याने ठेवली होती, त्याला जिथे जागा दिसली तिथे. ते तिने विचारलं नाही. विचारलं तर मिस्त्री सावध होईल, असं तिला वाटलं. तिने दोनच कागदांवर काम भागवलं.

खाली येऊन ती कॉम्प्युटरपाशी बसली, आणि कॉम्प्युटर म्हणाला, दोन कागदांमधलं अंतर जुळत नाही. एका वितीचा फरक आहे. म्हणजे दोनपैकी एक कागद जागचा हलला होता. कुठला, ते सांगायला तिसरा कागद हवा, आणि तो थप्पीमागे.

देल्फिना खुर्चीत टेकून बसली. तिला धक्का वगैरे बसला नाही. हेच तर ती शोधत होती. कुणीतरी मुद्दाम कागद हलवला होता, आणि मुद्दाम हलवतो तो काहीतरी लपवायला. आता कुठला हलवला असेल? लिफ्टपाशी टोळी रोज जेवायला बसायची, पत्र्यावर तोर्तिया गरम करायची, तिथे कधीही कुणाचाही हात पोचला असता. खांबावरचा मात्र क्रुसाला लागून. तिने स्वतः पाहिलं होतं, त्या खांबापुढून जाताना गवंडी टोपी काढायचे, एपिफानियोसारखा वाचाळसुद्धा दोन मिनिटं गप्प राहायचा. ही माणसं माझ्याशी खोटं वागतील, ती मनात म्हणाली, पण क्रुसाच्या तोंडावर वागणार नाहीत.

तिने खांबावरचा कागद खरा धरला आणि लिफ्टपाशीचा खोटा. खांब आणि स्लॅब महिन्यापूर्वीच तपासून झाले होते, त्यामुळे ते चित्रातून वगळून तिने फक्त नव्या भिंती दाखवायला सांगितलं. ऑपरेशनच्या खोलीची लांबलचक भिंत, कास्तुलोने गेल्या आठवड्यात स्वतः उभं राहून बांधून घेतलेली, टोकापासून टोकापर्यंत लालभडक झाली. भिंत जागेपासून एक वीत सरकलेली होती.

खोटं कशाला बोला, तिला आनंद झाला.

बाल्तासारच्या पत्र्याच्या केबिनमध्ये बैठक झाली. कास्तुलो टोपी हातात धरून उभा, मागे एपिफानियो, कोपऱ्यात देल्फिना. बाल्तासारने पडदा मिस्त्रीकडे वळवला.

"पुढच्या आठवड्यात मालक येतायत मिस्त्री. या चित्रावरून पाइप कापायला टाकायचे होते. आता काय कापू? बघा तुम्हीच. दिसतंय ना?"

कास्तुलो पडद्यापाशी वाकला. बराच वेळ वाकून राहिला. देल्फिना त्याचा चेहरा निरखत होती, त्यावर अपराध दिसतो का ते शोधत.

"दिसतंय," तो शेवटी म्हणाला.

"काय दिसतंय?"

"लाल आहे."

"मामा, लाल असू दे नाहीतर जांभळं," एपिफानियो पुढे आला. "भिंत बरोबर आहे. साहेब, मी कालच टेप लावला. खांबापासून भिंतीपर्यंत नकाशात आहे तेवढंच भरतं. चला वर, तुमच्यासमोर लावतो."

"टेप तू लावणार, आकडा तू वाचणार, आणि मिस्त्री तुझा मामा," बाल्तासार म्हणाला. "कॉलेजात मलाही टेप शिकवला होता बाबा. हे लेझर आहे."

"मग तुम्ही वाचा आकडा. पोट कमी होईल जिना चढून."

"एपिफानियो," कास्तुलो म्हणाला.

"नाही मामा, का ऐकून घ्यायचं? तुम्हाला माहितीय आपण दोरी कशी धरली होती."

"गप बस. यंत्र कशाला खोटं बोलेल? त्याचं काय आपल्याशी वैर आहे?" मिस्त्रीचा आवाज एकदम चढला. "मला सांभाळून घ्यायला खोटं बोलू नकोस. खूप महिने बोललास. आता पुरे. खोटारडा झालायस तू माझ्यापायी."

एपिफानियोचं तोंड उघडं राहिलं, मग मिटलं. तो दार लोटून निघून गेला.

खूप महिने. देल्फिनाने ते दोन शब्द लगेच उचलले. म्हणजे ही एकच भिंत नव्हती. आणि निर्दोष माणूस इतक्या सहज कबुली देतो का? तो भांडतो, आकांडतांडव करतो. हा मान खाली घालून उभा आहे, म्हणजे याहून मोठं काहीतरी झाकतोय. तिने बाल्तासारला तसं सांगितलंही, मिस्त्री बाहेर गेल्यावर. बाल्तासारला फार पटवावं लागलं नाही. ठरलं ते असं: शनिवारी कास्तुलोच्या टोळीचा शेवटचा दिवस, आणि सोमवारी दुसरी टोळी येऊन भिंत पाडणार. मालकांना त्याने संध्याकाळीच कळवून टाकलं की मिस्त्रीची चूक सापडली.

शनिवारी सकाळी देल्फिना फाटकातून आत शिरली तर वरून घणाचे आवाज येत होते. एपिफानियो फाटकाशी आपल्या बोचक्यावर बसला होता, रस्त्याकडे तोंड करून.

"वर काय चाललंय?"

"विहीणबाईंना विचारा," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "त्यांना सगळं दिसतं."

भिंत सोमवारी पाडायची होती, आणि दुसऱ्यांनी. देल्फिनाला एका क्षणात सगळा डाव कळला. पुरावा नष्ट करतोय. ती यंत्र खांद्यावर घेऊन जिना चढली, धापा टाकत, हे सगळं जसंच्या तसं टिपून ठेवायचंच असं ठरवून.

तिसऱ्या मजल्यावर कास्तुलो एकटाच होता. भिंतीचा एक मोठा भाग खाली पडलेला होता आणि तो राहिलेल्या भागावर घण घालत होता, दर घावानंतर थांबून श्वास घेत. कडेच्या खांबावरचा क्रूस त्याने काढून, चादरीत गुंडाळून, लांब स्लॅबवर आडवा ठेवला होता.

"मिस्त्री, कुणाला विचारून पाडताय?"

"कुणाला नाही." त्याने घण टेकवला. "माझी चूक दुसऱ्याने कशाला फोडायची? त्यांना सोमवारी नवी भिंत घालू दे. क्रूस तेवढा आधी काढला. त्याच्या देखत पाडवेना."

किती साळसूद, देल्फिनाच्या मनात आलं. तिने यंत्र खाली ठेवलं आणि कागद शोधायला खांबाकडे बघितलं. आणि ती तशीच उभी राहिली.

खांबावर, आतापर्यंत क्रुसाने झाकलेल्या जागी, एक चौकोन होता. मार्च महिन्यात शहराजवळच्या ज्वालामुखीने राख टाकली होती ती सगळ्या खांबांवर करडी बसली होती, पण तो चौकोन स्वच्छ होता. त्याच्या चार कोपऱ्यांत जुन्या चिकटपट्टीचे तुकडे होते. आणि तिचा कागद त्याच्या उजवीकडे होता, अगदी सरळ, नव्या चिकटपट्टीने चारी बाजूंनी घट्ट लावलेला.

"हा कागद कुणी हलवला?" तिने विचारलं.

"मी," कास्तुलो म्हणाला. "क्रूस खांबाच्या मधोमध लावतात ना बाई. कागद त्याच्या खाली गेला असता. मुलं म्हणाली, राहू दे, कुणाला कळतंय. मी म्हटलं, नको. बाई म्हणतील आम्ही मुद्दाम झाकला. म्हणून नीट सोडवला, आणि एपिफानियोला पाणसळ धरायला लावून शेजारी चिकटवला. उंचीत तसूभर फरक नाही, बघा हवं तर." तो थांबला. "का? फाटला का?"

देल्फिना तिथेच ब्लॉकवर बसली, मांडीवर कॉम्प्युटर उघडला, आणि वगळलेले खांब पुन्हा चित्रात घेतले. ते सगळे लाल झाले. एक वीत सरकलेले, एकूण एक. खांब काही चालत नाहीत. अख्खा मजला तिने स्वतःच्या हाताने सरकवला होता, आणि त्यात एका माणसाला पकडल्याचा आनंद मानला होता. तिला स्वतःची शिसारी आली.

"मिस्त्री, भिंत बरोबर होती."

कास्तुलोने तिच्याकडे बघितलं. मग त्याचा चेहरा आवळला.

"एपिफानियो भेटला वाटतं खाली."

"भेटला. पण त्याने काही—"

"त्याने सांगितलं असेल, म्हाताऱ्याला जाताना बरं वाटेल असं काहीतरी बोला. मला दया नको बाई. तुम्ही कडक आहात, पण खोटं बोलत नाही म्हणून मी तुमचं चित्र मानलं. आता तुम्हीही सुरू करू नका."

"दया नाही. हे बघा, खांबसुद्धा लाल आलेत. खांब चुकीचे असतील का? बघा ना."

तिने पडदा त्याच्यासमोर धरला. तो वाकला, तसाच, त्या दिवशी केबिनमध्ये वाकला होता तसा. त्याची नजर पडद्याच्या जरा बाजूला कुठेतरी होती, आणि या वेळी ती त्याच्या अगदी जवळ असल्यामुळे तिला ते दिसलं. दोन्ही बुबुळांवर दुधाळ साय होती.

"दिसतंय," तो म्हणाला.

"मिस्त्री, काय दिसतंय?"

खाली रस्त्यावर गॅसची गाडी आरोळी देत गेली.

"रंग दिसतो," तो म्हणाला. "रेषा नाही दिसत. सगळं धुक्यातून बघितल्यासारखं. टेपवरचे आकडे तर गेल्या पावसाळ्यापासूनच गेले. एपिफानियो वाचून दाखवतो. मी दोरीला हात लावून भिंत धरतो आणि सकाळी येऊन हाताने तपासतो. मला वाटायचं, चाललंय. मग तुमचं यंत्र म्हणालं, चाललेलं नाही. ते मानावंच लागलं. इतके दिवस मनात भीती तीच होती."

इतक्या महिन्यांत देल्फिनाने या माणसाच्या गप्प बसण्याचे, वळून जाण्याचे, भिंतीवर फिरणाऱ्या हाताचे किती अर्थ लावले होते. हा एक लावला नव्हता. ती उठली, त्याचा हात मनगटाशी धरला आणि त्याला खांबापाशी नेलं. त्याची बोटं जुन्या चिकटपट्टीच्या कोपऱ्यावर टेकवली.

"हा कागद आधी इथे होता. आता कुठे आहे?"

त्याने बोटांनी चाचपत नव्या कागदाचा कोपरा शोधला. मग अंगठा एकीकडे, करंगळी दुसरीकडे, असा हात ताणून धरला.

"एक वीत," तो म्हणाला.

"भिंत किती सरकलीय म्हणाले होते मी?"

त्याचा हात खांबावरच राहिला. "एक वीत."

"यंत्र स्वतःची जागा या कागदावरून धरतं. कागद सरकला तसं सगळंच सरकलं. तुमच्या भिंतीचा काही संबंध नाही. आणि कागद हलल्याचं यंत्राने मला सांगितलं होतं. मला वाटलं, कोणीतरी डाव केला. मी तुम्हाला नुसतं विचारलं असतं तरी कळलं असतं."

"विचारलं असतं तर सांगितलंच असतं," कास्तुलो म्हणाला. त्याने मागे वळून पडलेल्या भिंतीच्या ढिगाकडे तोंड केलं. "म्हणजे माझी भिंत बरोबर होती."

"होती."

तो खाली बसला, ढिगाऱ्यावरच, आणि टोपी काढून तोंड पुसलं. तो रडत होता की घाम पुसत होता ते देल्फिनाला कळलं नाही, आणि या वेळी तिने ते शोधायचा प्रयत्न केला नाही. "मोतीबिंदू असेल मिस्त्री," ती म्हणाली. "काढता येतो. माझ्या मावशीचा काढला."

"भिंत परत उभी करीन, मग डोळे. भिंतीचं काही नाही, ती दोन दिवसांची." त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. "त्या पोराला मी सगळ्यांसमोर खोटारडा म्हटलं. तो खरं बोलत होता, आणि मला वाटलं, मायेनं बोलतोय."

दोघं खाली उतरले. जिन्याला अजून कठडा नव्हता, आणि कास्तुलोने न विचारता तिच्या खांद्यावर हात ठेवला. फाटकापाशी तो एपिफानियोकडे गेला. ते काय बोलले ते देल्फिनाने ऐकलं नाही. तिने केबिनचं दार उघडलं.

बाल्तासारने सगळं ऐकून घेतलं, आणि मग पेन टेबलावर ठोकत बसला.

"मालकांना मी मिस्त्रीची चूक म्हणून कळवलंय."

"आता माझी म्हणून कळवा."

"तुझी कशी? कागद हलवला त्याने. तेवढंच लिहू. खोटंही होणार नाही, तुझी नोकरीही राहील."

हे खरं होतं, आणि क्षणभर ते देल्फिनाला फार सोयीचं वाटलं. "हलवला," ती म्हणाली. "आणि मला इशारा मिळाला होता, तो मी मोडीत काढला. तिसरा कागद बघितला नाही. माझं नाव द्या. टोळी राहू दे."

"बरं." बाल्तासारने पेन खाली ठेवलं. दार उघडंच होतं, आणि बाहेर पायरीशी कास्तुलो आणि एपिफानियो येऊन उभे राहिले होते. बाल्तासारने आवाज खाली आणला. "पण मला एक सांग. जन्मभर भिंती बांधलेला माणूस. आपली भिंत सरळ आहे की सरकलेली, एवढं त्याला कळू नये? बरोबर असलेली भिंत स्वतःच्या हाताने पाडतो कोण? कुठेतरी पाणी मुरतंय. तुला तर वास लगेच येतो अशा गोष्टींचा. काय लपवतोय तो?"

देल्फिनाला उत्तर माहीत होतं. महिनोन्‌महिने ती ज्याच्या मागावर होती ते आता तिच्या हातात होतं, आणि एक वाक्य बोलायचा अवकाश होता. पायरीशी कास्तुलो टोपी छातीशी धरून उभा होता. तो तिच्याकडे बघत होता, पण तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता.

"काही नाही," ती म्हणाली. "त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. एवढंच."